अक्काची चौथी सिस्टीम

ऐन दसऱ्याच्या सकाळी आमच्या अक्कानं दाजींना नावानं हाक मारली.

"सर्जेराव, पंखा जरा कमी कराल का?"

दाजी स्टुलावर उभं राहून तिच्या खोलीच्या दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. त्यांचे हात वरच्या वर थांबले. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो, तो तसाच अक्काच्या खोलीत आलो. अक्का नेहमीसारखी पलंगावर उशांना टेकून, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. बोलला होता तिच्या शेजारच्या टेबलावरचा नवा लॅपटॉप. आवाज गोड, समजूतदार, आणि भाषा अशी शुद्ध की आमच्या कागलच्या हायस्कुलात असं बोलणाऱ्या मुलीला पोरांनी वर्षभर चिडवलं असतं.

दाजींनी खाली उतरून पंखा कमी केला आणि उगाचच तोरणाकडे तोंड करून उभे राहिले. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला हा सत्तरीचा माणूस कानापर्यंत लाल झाला होता.

"ऐकलासा काय पाव्हणं?" ते हळूच म्हणाले. "नाव घेतलं की हो हिनं माझं."

यात एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी अक्काला पाहिलेलं नाही. लग्न होऊन या घरात शिरताना करवल्यांनी उखाण्यासाठी दार अडवलं, तेव्हा ही त्यांच्या हाताखालून वाकून आत गेली होती. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं की मला कोपरानं ढोसायची, "पल्या, सांग की." बँकेत, रेशनच्या दुकानात, मुलीच्या शाळेत, सगळीकडं तिचं 'अवो' आणि 'आमचं हे' यांवर भागायचं. एवढा संसार झाला, मुलगी शिकून कॅनडाला गेली, पण 'सर्जेराव' हे नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

मी प्रल्हाद, तिचा धाकटा भाऊ. जन्मभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अक्काच्या आजारपणात दाजींना हातभार लावायला कोल्हापुरात आलो, तो इथलाच झालो. कुणी विचारो न विचारो, समजावून सांगायची खोड अजून गेलेली नाही. तेवढी सोसून घ्या.

अक्काच्या आजारात मेंदू शाबूत राहतो. मरतात त्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा, एकेक करून. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. काही रोग्यांचे डोळे शेवटपर्यंत फिरतात आणि त्यांवर हो-नाही तरी चालतं. अक्काच्या वाट्याला तेही आलं नाही, पापण्यासुद्धा तिच्या हुकमात राहिल्या नाहीत. आत सगळी अक्का जशीच्या तशी, आणि बाहेर यायला दार नाही.

ते दार डॉक्टरांनी कवटीतून काढलं. ओठ, जीभ आणि घसा यांना हुकूम देणारा मेंदूचा जो भाग आहे, त्यावर एक पातळ जाळी बसवली. तिथून कातडीखालून तार, गळ्याच्या हाडापाशी एक बटण, आणि त्या बटणातून लॅपटॉपकडे रेडिओलहरी. अक्कानं मनात 'च्या' म्हणायचं ठरवलं की ओठ हलत नाहीत, पण हुकूम सुटतो. तो लॅपटॉप पकडतो आणि त्याचा आवाज करतो. हे सगळं करणाऱ्या सिस्टीमचं नाव 'मुखर'. लॅपटॉपवर टाकायचा एखादा प्रोग्राम नव्हे हा, त्या लॅपटॉपची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच. मशीन जागं होतं ते 'मुखर' म्हणूनच.

अक्काची होती 'मुखर चार'. ती एकेक ध्वनी पकडायची आणि जे कळलं नाही ते सोडून द्यायची. एका वाक्याला अर्धा कप चहा संपायचा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण तो बोलायचा ते अक्काचं असायचं. "पल्या. तिखट. जास्त. झालंय." जिला वर्षभर पोटात घातलेल्या नळीतून जेवण जातं, ती नुसत्या फोडणीच्या वासावरून हे सांगायची. ते तिचंच, दुसऱ्या कुणाची टाप नाही.

ती सिस्टीम शिकवायला कंपनीची एक बाई मागच्या वर्षी पावसाळाभर येत होती. घरातली नावं एकेक करून मनात म्हणायला सांगायची. मुलीचं पनू झालं, माझं पल्या झालं. नवऱ्याच्या नावापाशी पडद्यावरची रेघ सपाट. बाईनं पुन्हा सांगितलं, पुन्हा सपाट. मग पत्र्याचा आवाज आला, "अवो." बाई हसली आणि तिनं ती जागा रिकामी सोडून दिली.

तो लॅपटॉप उन्हाळ्यापासून तापत होता. घटस्थापनेच्या आसपास त्याचा मदरबोर्ड गेला. त्या जातीचे बोर्ड आता कुणी बनवत नाही. कंपनीनं बदली म्हणून नवा लॅपटॉप पाठवला, तो आला खंडेनवमीच्या सकाळी.

आता उद्यमनगरच्या माणसाच्या घरी खंडेनवमीला नवं मशीन येणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. दाजींनी खोकं फोडलं, पाटावर लॅपटॉप मांडला, हळदकुंकू वाहिलं, झाकणावर झेंडूचं फूल ठेवलं. त्यांच्या कारखान्यात पूजा झाली की प्रत्येक मशीन एकदा फिरवायचे. निजलेल्या हत्याराची पूजा पोचत नाही, असं त्यांच्या मालकाचं म्हणणं. म्हणून दाजींनी बटण दाबून लॅपटॉप चालू केला. त्यानं आपण होऊन नेट शोधलं, थोडा वेळ गोल गोल फिरत राहिला आणि नमस्कार म्हणाला. आम्ही नारळ फोडला. मीही हात जोडून उभा होतो, आणि प्रसाद मीच वाटला.

दुसऱ्या दिवशी अक्का बोलली, ते वर आलंच.

प्रणोतीला, म्हणजे अक्काच्या मुलीला, किती आनंद झाला म्हणून सांगू. ती रोज सकाळी फोन करायची, पण 'मुखर चार'वर आईशी बोलणं म्हणजे तपश्चर्या होती. आता लॅपटॉप तिला विचारत होता, "प्रणोती, तिकडे थंडी सुरू झाली असेल ना? स्वतःची काळजी घेतेस ना?" पोरगी पडद्यावर रडत होती आणि हसत होती.

"मामा, मम्मीशी मी इतकं कधीच बोलले नव्हते," ती म्हणाली. "आजारी पडायच्या आधीसुद्धा नाही."

ते खरं होतं. अक्काची माया बोलण्यात कधी नव्हती. ती पोरीला डबा भरून द्यायची आणि वर "उष्टं आणशील तर बघ" म्हणायची.

"पनू, ती तुला प्रणोती म्हणून कधी हाक मारायची?" मी विचारलं.

"आजारात माणूस बदलतं, मामा. पप्पांचं नाव घ्यावंसं वाटलं असेल तिला. तुम्हाला चांगलं काही झालेलं बघवत नाही का?"

दाजी मान खाली घालून ऐकत होते. त्या दिवसांत ते दाढी रोज करायला लागले होते.

माझ्या मात्र डोक्यातून भुंगा जाईना. एका दुपारी अक्काला गाढ झोप लागलेली असताना लॅपटॉप म्हणाला, "प्रल्हाद, आज भाजी छान झाली आहे." मी लॅपटॉप उचलला, काखेत मारला आणि चपला घालून रस्त्यावर आलो. बटणाच्या लहरी एका खोलीपलीकडं पोचत नाहीत. मी पार कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेलो आणि उभा राहिलो.

काखेतून आवाज आला, "प्रल्हाद, उन्हात फार वेळ थांबू नकोस. तुला ब्लडप्रेशर आहे."

सायकलवाला माझ्याकडं बघून हसला. मला हसू आलं नाही. मी तसाच घरी परतलो.

मी कंपनीला फोन केला. फोनवरची बाई फार गोड बोलत होती, जवळजवळ त्या लॅपटॉपसारखीच. म्हणाली, "सर, रुग्णाचा सिग्नल क्षीण झाला, तर संभाषण खंडित होऊ नये म्हणून ही नवी 'मुखर सात' रुग्णाच्या वतीनं पूर्तता करते."

सोप्या मराठीत सांगायचं तर असं. आजार वाढेल तसा मेंदूतून सुटणारा हुकूमही दुबळा होतो. 'चार' तेवढंच बोलायची जेवढं आलं. 'सात' अंदाज करते. तिच्या पोटात लाखो माणसांची बोलणी भरलेली आहेत. या वयाची, या आजाराची, नवरा-मुलगी असलेली बाई या वेळी काय बोलेल, ते तिला ठाऊक असतं. आतून थोडं आलं तर त्याला धरून बोलते, काही आलं नाही तर तिचं तिचं बोलते. घरातली नावं, दुखणी तिला आमच्या फोनमधून मिळतात. ऐकणाऱ्याला फरक कळू नये, हीच तिची हुशारी.

"मग जुनी सिस्टीम परत द्या," मी म्हणालो.

"सर, 'चार'ला आता सपोर्ट नाही."

संध्याकाळी मी हे दाजींना सांगितलं. ते अक्काच्या पायाला तेल लावत होते. हात न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मला हाक मारली ती हिनं न्हवं," ते म्हणाले.

दाजींनी दुसरा पाय मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवसापासून दाढी पुन्हा वाढायला लागली, आणि लॅपटॉपनं नाव घेऊन हाक मारली तर ते ओ देईनासे झाले.

एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण अक्काचा श्वास कमी पडायला लागला होता. डॉक्टर हेरवाडे बाई घरी येऊन तपासून गेल्या. बाहेरच्या खोलीत आम्हाला बसवून त्यांनी सरळ सांगितलं. आता दोनच वाटा. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि श्वासाच्या मशीनवर ठेवायचं, म्हणजे आणखी काही वर्षं मिळतील. किंवा नळी घालायची नाही, झोपेचं औषध देत राहायचं आणि होईल ते होऊ द्यायचं. आणि हे ठरवायचं पेशंटनं, नवऱ्यानं किंवा भावानं नव्हे.

आम्ही काही बोलायच्या आत आतून लॅपटॉप बोलला. त्याला सगळं ऐकू जात होतं.

"डॉक्टर, मला कुणालाही त्रास द्यायचा नाही. मला शांतपणे जाऊ द्या."

हेरवाडे बाईंनी चष्मा काढून पुसला. दाजी ताडकन उभे राहिले.

"ती असली बोलत न्हाई," ते म्हणाले. "त्रास द्यायचा न्हाई म्हणं. जल्मभर तरास दिलाय तिनं मला, आणि सांगून दिलाय."

मी रस्त्यावरच्या प्रयोगाचं सांगितलं. बाईंनी नीट ऐकलं. त्यांना पटलं असावं, पण त्यांचेही हात बांधलेले होते. मान्यताप्राप्त सिस्टीमवरून आलेलं बोलणं ते रुग्णाचंच, असा नवा कायदा होता. 'रुग्ण हे बोललाच नाही' असं म्हणत नातेवाइकांनी लोकांच्या मरणाजगण्यात हात घालू नये, म्हणून केलेला. कायदाही चांगल्यासाठीच होता.

"मी पुढच्या सोमवारी रीतसर विचारायला येईन," बाई म्हणाल्या. "तोवर जुनी सिस्टीम चालू करून दाखवा. तिच्यावर ताई माझ्यासमोर नुसतं हो किंवा नाही म्हणाल्या, तरी त्यांच्या शब्दावर मी चालेन. पुढचं मी निस्तरीन."

जुन्या लॅपटॉपची डिस्क शाबूत होती. तिच्यात 'मुखर चार' होती आणि पावसाळाभर शिकवलेली अक्का होती. ती डिस्क आणि नवा लॅपटॉप पिशवीत घालून आम्ही राजारामपुरीत तबस्सुम शिकलगारच्या दुकानात गेलो. तबस्सुम माझी विद्यार्थिनी, इंजिनिअर झालेली, तोंडानं फटकळ. वर्गात असताना माझ्या चुका काढायची.

"बसा सर. जुनी सिस्टीम नव्यावर? रोजचं काम हाय माझं," ती म्हणाली. "लोकांना नवं नको असतंय."

तिनं डिस्क जोडली. लॅपटॉपनं ती ओळखलीच नाही. तिनं कुठलीतरी कुलुपं काढली, पुन्हा चालू केला. या वेळी 'मुखर चार'चा हिरवा पडदा दिसला आणि दाजी खुर्चीतून पुढं सरकले. पडदा क्षणभर राहिला आणि काळा झाला. तबस्सुमनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. हळूहळू तिची बडबड कमी झाली. शेवटी तिनं लॅपटॉप उलटा करून खालचं लेबल वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, हा जुन्या स्टॉकमधला पीस हाय. हा तुमच्याकडं आला तवा कोरा होता ओ. ह्याच्यावर 'चार' बसली असती." ती आमच्याकडं वळली. "माझ्याकडं आणायच्या आधी ह्याला चालू कुणी केलं?"

मी खंडेनवमीच्या पूजेचं सांगितलं.

मग तिनं समजावलं. अशा लॅपटॉपच्या चिपमध्ये केसाहून बारीक फ्यूज असतात. नव्यात नवी सिस्टीम पहिल्यांदा जागी झाली की ती त्यातले काही मुद्दाम जाळते. पुढं कुणी जुनी सिस्टीम घालायला गेलं की चिप जळलेले फ्यूज मोजते आणि जुनीला आत घेत नाही. जुन्या सिस्टीमच्या फटींतून चोरांनी शिरू नये, रोग्याच्या डोक्यात हात घालू नये, म्हणून ही सोय. खंडेनवमीला दाजींनी बटण दाबलं, लॅपटॉपनं नेटवरून 'सात' ओढून घेतली, आणि आम्ही नारळ फोडत होतो तेव्हा आत फ्यूज जळत होते.

"मग फ्यूज बदला," दाजी म्हणाले. "तार घाला नवी. मी घालतो, हात अजून थरथरत न्हाई माझा."

"काका, हा बदलायचा फ्यूज न्हवं. एकदा जळायलाच केलेला असतोय."

"दुसरा लॅपटॉप घेऊ."

"आता कारखान्यातनंच जाळून येतात. आणि जुने कंपनीनं गोळा करून मोडीत काढले."

दाजींनी आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसले. याच हातांनी त्यांनी झेंडूचं फूल ठेवलं होतं. मशीनला आयुष्यभर देव मानलेल्या माणसाला त्याच्या पूजेचं हे फळ मिळावं, याचा मला इतका राग आला की नेमका कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही.

तबस्सुमनं हार मानली नाही, हे मात्र म्हटलं पाहिजे. रविवारी ती स्वतः घरी आली. "आणि एक वाट हाय," म्हणाली. 'सात'ला काढायचं नाही. तिच्या पोटात एक खोटा लॅपटॉप तयार करायचा, नुसता सॉफ्टवेअरचा, आणि त्यात 'चार' बसवायची. फ्यूज मोजणाऱ्या चिपला ती दिसणारच नाही. सकाळपासून ती अक्काच्या पलंगाशी बसून होती. दाजी तिला चहा देत होते आणि ती तो गार करत होती.

दुपारी हिरवा पडदा आला आणि या वेळी गेला नाही. जुनं चिन्ह आलं, अक्काच्या नावाची जुनी पाटी आली. खाली सिग्नलची रेघ हलायला लागली.

"बोला आता," तबस्सुम कुजबुजली.

मी पलंगाशी वाकलो. "अक्का, पल्या बोलतोय. ऐकू येतंय काय?"

रेघ हलली. आणि पत्र्याच्या डब्यातला तो आवाज, ज्याला आम्ही कंटाळलो होतो, ज्याची नक्कल करून मी अक्कालाच चिडवायचो, तो खोलीत उमटला. "प.. ल्या." दाजींनी पलंगाची कड धरली. मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही.

आवाज पुढं बोलत होता, एकेक शब्द तोडत. "मी. बरी. आहे. सर्जेराव. तुम्ही. जेवून. घ्या."

दाजींनी कड सोडली.

तबस्सुम बराच वेळ पडद्यावरच्या आकड्यांत डोकं घालून बसली. मग तिनं सांगितलं ते असं. 'चार' बाहेरच्या जगाला आपण होऊन हात लावू शकत नव्हती. रेडिओचा सिग्नल तिला 'सात'कडूनच मिळत होता. आणि 'सात' तो जसाच्या तसा पुढं देत नव्हती. आधी दुरुस्त करत होती, गाळलेल्या जागा आपल्या अंदाजानं भरत होती, आणि मग आत सोडत होती. सुरुवातीचा एक शब्द कदाचित अक्काचा असेल. कदाचित तोही नसेल.

"आतलं खरं काहीच बाहेर येत नाही?" मी विचारलं.

"एक येतंय सर." तिनं 'सात'चा पडदा पुढं घेतला आणि रेघेवर बोट ठेवलं. "हे बघा. ताईंनी काय म्हटलंच नाही तर ही लगेच बोलतीय. ताईंचं आणि हिच्या अंदाजाचं जुळलं तरी लगेच. पण ताईंकडनं जोरात काय तरी आलं आणि ते हिच्या अंदाजात बसंना, की ही अडखळती. कुणाचं खरं धरायचं, ते हिला ठरवाय लागतंय. मग स्वतःचंच धरती."

"म्हंजे ही अडखळली की समजायचं, ही बोलली," दाजी म्हणाले. पहिल्या 'ही'ला त्यांनी लॅपटॉप दाखवला, दुसरीला अक्का.

"व्हय. पण काय बोलली, ते न्हाई कळायचं."

सोमवारी डॉक्टर हेरवाडे आल्या. प्रणोती भिंतीवरच्या पडद्यावर होती. तिच्याकडं भल्या पहाटेची वेळ होती आणि ती अंगावर शाल घेऊन बसली होती. तबस्सुमच्या खटपटीचं काय झालं ते बाईंनी ऐकून घेतलं आणि "मला वाईट वाटतं" एवढंच म्हणाल्या. मग अक्काचा हात हातात घेऊन त्यांनी हळू, स्पष्ट आवाजात विचारलं.

"वैजयंताताई, श्वासाच्या मशीनसाठी गळ्यात नळी घालू का?"

लॅपटॉप बोलला नाही.

एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारं ते मशीन गप्प होतं. रेघ वर उसळत होती, खाली येत होती, पुन्हा उसळत होती. रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला. दाजी उठून अक्काच्या तोंडाजवळ कान नेऊन उभे राहिले, जणू ओठच हलणार होते. आत माझी बहीण जिवाच्या आकांतानं काहीतरी म्हणत होती. 'घाला' म्हणत असेल. 'मला सोडवा' म्हणत असेल, पण तिच्या शब्दांत. 'ह्या सटवीचं ऐकू नका' म्हणत असेल. मी तिचा सख्खा भाऊ, आणि मला कळत नव्हतं.

मग रेघ बसली.

"नको, डॉक्टर," गोड आवाज म्हणाला. "मी समाधानी आहे. मला शांतपणे जाऊ द्या."

प्रणोती हुंदके देत होती. "मम्मी, तुला हवं तसंच होईल," ती म्हणाली. "मी येते तुला भेटायला."

"ते तिचं न्हाई!" दाजी ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा पाहिलं. "किती थांबली ती, बगितलासा न्हवं सगळ्यांनी? ती बोलत होती!"

"पप्पा, ती विचार करत होती. एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस थांबणारच ना? तुम्हाला तिला धरून ठेवायचंय. मलाही ठेवायचंय. पण तिनं सांगितलंय."

खरं सांगायचं तर पोरीचं चूक आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नळी नको, असंच अक्काला म्हणायचं असू शकेल. हेरवाडे बाईंनी निघताना दारात थांबून झोपेचं औषध कधी सुरू करायचं ते मला सांगितलं आणि त्या गेल्या.

झोपेचं औषध सुरू करायच्या आदल्या दिवशी, दुपारी, दाजी अक्कापाशी बसले होते. मी दाराशी होतो. त्यांनी तिचे केस विंचरले, तेलाचा हात तिच्या कपाळावरून फिरवला. लॅपटॉप मधूनमधून काहीबाही बोलत होता. हवा छान आहे म्हणाला. सर्जेराव, तुम्ही थकला आहात म्हणाला. दाजी त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते.

मग ते पुढं वाकले. घसा खाकरला. एखादं जड काम अंगावर घेताना करतात तसा त्यांनी श्वास भरून घेतला.

"वैजयंता," ते म्हणाले.

मी चमकलो. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की दाजींनीही तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अगं', 'ऐकलीस काय', 'पनूची आई', यांवरच त्यांचंही भागत आलं होतं. त्यांचा मान जसा तिनं राखला, तसा तिचा त्यांनी राखला होता, आणि आमच्यापैकी कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

लॅपटॉप थांबला.

रेघ उसळली. मी इतकी उंच कधी पाहिली नव्हती. खाली आली, पुन्हा उसळली. दाजींनी पडद्याकडं पाहिलं नाही. ते तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, जो हलत नव्हता. सोमवारपेक्षाही ते थांबणं मोठं होतं. अंगणातल्या दोरीवरचे कपडे वाऱ्यानं हलत होते, ते मी बघत राहिलो, कारण पलंगाकडं बघवत नव्हतं.

"मी खूप आनंदी आहे, सर्जेराव," शेवटी लॅपटॉप म्हणाला.

"तू गप," दाजी त्याला म्हणाले, रागावून नव्हे. आणि अक्काचा हात धरून पुन्हा म्हणाले, "वैजयंता."

तो पुन्हा थांबला. उन्हं उतरेपर्यंत त्या दोघांचं असं चाललं होतं. शेवटी शेवटी तर दाजी हसत होते. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. त्यांनाही ठाऊक नसावं.

अक्का गेली ती सगळ्यांच्या देखत, झोपेत. प्रणोती वेळेवर पोचली, तेवढं एक बरं झालं. दिवसकार्य आटोपल्यावर कंपनीचा फोन आला, लॅपटॉप परत न्यायला माणूस येणार म्हणून. तो त्या टेबलावर तसाच उघडा होता. बंद करायला कुणाचा हात धजावला नव्हता. पलंग काढलेला होता आणि खोली मोठी दिसत होती.

दाजी पाणी प्यायला उठले. त्यांची चाहूल लागल्याबरोबर लॅपटॉप बोलला.

"सर्जेराव, आज गोळी घेतलीत का?"

दाजी जागच्या जागी उभे राहिले. मला वाटलं, ते चिडणार. पण ते टेबलाजवळ गेले, खुर्ची ओढून बसले, आणि जरा चाचरत म्हणाले, "वैजयंता."

"बोला ना, सर्जेराव, मी ऐकते आहे."

त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा लगेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली नाही.

"बघा पाव्हणं," ते मला म्हणाले, "आता कुठंच अडखळत न्हाई." आणि त्यांनी झाकण लावलं.